गल्ली चौदा, नग एक

त्या दिवशी मोजणीताई कामावर जाताना वाटेत चष्म्याच्या दुकानात थांबली, एवढंच काय ते वेगळं. बाकी सगळं रोजचंच. डोळ्यांचा नंबर कधीचा बदलला होता, पण आज जाऊ, उद्या जाऊ करत तिने वर्ष काढलं होतं. दुकानदाराने नवा चष्मा तिच्या नाकावर चढवला, कानामागे बोट फिरवून बघितलं आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. तिने शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. इतके दिवस कामं कशी करत होतात, असं त्याने गमतीने विचारलं. सवयीने, असं म्हणून ती हसली. ते ‘सवयीने’ त्याच दिवशी दुपारच्या आत आपल्याला इतकं टोचणार आहे, हे तिला कुठे माहीत होतं.

ती काम करत होती ते एक गोदाम. स्वस्त दुकानांची साखळी असते ना, बादलीपासून बनियनपर्यंत सगळं मिळतं आणि प्रत्येक वस्तूवर एक किंमत खोडून दुसरी लिहिलेली असते, तसल्या चाळीसेक दुकानांना इथून माल जायचा. अशी चौदा गोदामं त्या कंपनीची, गावोगाव पसरलेली, सगळी एका छापाची. बाहेरून नुसता पत्र्याचा डोंगर. खिडकी औषधालाही नाही. आत छतापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि दोन मांडण्यांमधून जी लांबच लांब वाट जायची तिला सगळे गल्ली म्हणायचे. सोळा गल्ल्या होत्या. माणूस गल्लीत शिरला की डोक्यावरचा दिवा आपोआप लागायचा, पुढे गेला की मागचा विझायचा. वीज वाचवायची युक्ती ही. खाली काही हललं तरच दिवा, नाहीतर अंधार. बाहेर कितीही रणरणतं ऊन असो, आत चालणाऱ्याच्या अंगापुरता उजेड आणि पुढेमागे मिट्ट काळोख. नवी माणसं पहिले आठ दिवस दबकत चालायची. मग त्यांचंही अंगवळणी पडायचं.

मोजणीताईचं काम तिच्या नावातच आलं. हातात नऊ नंबरचा स्कॅनर. त्याच्यावर एकेक ओळ यायची, अमुक गल्ली, अमुक खण, सिस्टीममध्ये इतके नग. तिने तिथे जायचं, डोळ्यांनी बघायचं, हाताने मोजायचं आणि जुळलं तर ओके दाबायचं. माल काढणाऱ्या एखाद्या मुलीला किंवा गड्याला खणात कमीजास्त दिसलं, तर ते आपल्या स्कॅनरवरून खरा आकडा टाकायचे. ती ओळही फिरून मोजणीताईकडेच यायची. तिने जाऊन खात्री करायची. न करता ओके दाबलं, तर सिस्टीम स्वतःचाच आकडा खरा धरायची आणि ओळ मिटून जायची. सांगायला किती सोपं आहे बघा.

पण एका ओळीला वेळ किती, तर नऊ सेकंद. हो, नऊ. हा आकडा ज्याने कुणी काढला त्याने उभ्या जन्मात त्या गोदामात पाऊल टाकलं नसणार, हे मी छातीठोकपणे सांगतो. पहिल्या गल्लीतून सोळाव्या गल्लीत जायलाच चार मिनिटं लागायची, तीही पायांत चाकं असल्यासारखं चाललं तर. संध्याकाळी भिंतीवर यादी लागायची, सेकंद वाढलेल्यांची नावं लाल अक्षरांत. तीनदा लाल झालं की दुसऱ्या दिवशी फाटकावर आपलं ओळखपत्र चालत नसे. सांगायलाही कुणी येत नसे, कार्डच चालायचं नाही. मग माणसं काय करणार? सगळे मोजणारे तेच करायचे. एका स्टुलावर बसायचं, चहा जवळ ठेवायचा आणि अंगठ्याने ओके, ओके, ओके दाबत सुटायचं. त्याला सगळे ‘बसल्या ओके’ म्हणायचे आणि हसायचे. मोजणीताई त्यात पटाईत झाली होती. तिला ओळी वाचायलाच लागायच्या नाहीत. आणि नंबर वाढल्यापासून बारीक अक्षरं वाचताही येत नव्हती.

आता सत्तावीसबद्दल सांगतो. सत्तावीस ही एक मुलगी, माल काढणारी. तिच्या स्कॅनरचा नंबर तो, म्हणून सगळे तिला तशीच हाक मारायचे. बावीस-तेवीस वर्षांची, सडपातळ, चुरुचुरु बोलणारी. येताजाता मोजणीताईच्या स्टुलाला टिचकी मारून म्हणायची, “ताई, कधीतरी उठा, मुळं फुटतील.” अकरा महिन्यांपूर्वी ती एकाएकी दिसेनाशी झाली. सकाळी आत आली ती घरी पोचलीच नाही. कंपनीने हजेरीच्या मशीनचा कागद दाखवला. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, अडीच वाजता बाहेर. तिचा स्कॅनरही सापडत नव्हता. झालं, जेवणाच्या खोलीबाहेर सूचना लागली की सत्तावीस नंबरची कामगार कंपनीचा स्कॅनर घेऊन पसार झाली आहे, कुणाला दिसल्यास कळवावे. तक्रार लिहून घेणाऱ्यांनीही तो कागद बघितला, माना डोलावल्या आणि असेल कुणाबरोबर गेली असं म्हणून मोकळे झाले.

आणि त्या अडीचची गंमत ऐका. कुणाचाही जादा वेळ दिसू नये म्हणून अडीच वाजले की मशीन आतल्या सगळ्यांना आपोआप बाहेर टाकायचं, एकजात सगळ्यांना. तुम्ही तिथे उभे असा, घामाने निथळत ट्रक भरत असा, कागदावर तुम्ही बाहेर. हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. पण कंपनीने तो कागद दाखवला तेव्हा एकाचंही तोंड उघडलं नाही. मोजणीताईचंही नाही. तिच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि लाल अक्षरांत तिचं नाव दोनदा येऊन गेलं होतं.

सत्तावीसची आई मात्र हटली नाही. ती रोज सकाळी फाटकाशी यायची आणि एक फुटका क्रेट पालथा घालून त्यावर बसायची. दुपारी पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीचा चेहरा बघायची. पळून जाणारी मुलगी आपला फोन आणि जेवणाचा डबा आत ठेवून जाते का, हा तिचा एकच प्रश्न होता. फोन आत नेऊ देत नसत, तो फाटकाच्या खणात तसाच पडला होता. तिला कुणी मशीनचं सांगितलं की ती म्हणायची, “मशीनने तिला बाहेर जाताना बघितलं का? मग कुणी बघितलं ते सांगा.” वाडीवस्तीतले लोक तिच्या तोंडावर विचारायचे, मुलगी कुणाबरोबर गेली म्हणून. धाकट्या मुलीचं ठरत आलेलं लग्न त्यापायी मोडलं. ते ऐकूनही बाई जागची हलली नाही. मोजणीताई रोज तिच्यासमोरून मान खाली घालून आत जायची.

तर त्या दिवशीही ती तशीच आत गेली, नवा चष्मा लावून. स्टुलावर बसली, चहा ठेवला आणि अंगठा चालू केला. दुसऱ्या दिवसापासून दुकानांत मोठी सूट लागणार होती, फाटकाशी ट्रकांची रांग लागली होती, पट्ट्यावरून खोकी धडाधड पळत होती. ओके, ओके, ओके. पण आज अक्षरं अशी टपोरी दिसत होती की इच्छा नसली तरी डोळे वाचत होते. आणि अकरा चाळीसला अंगठा अडकला.

स्कॅनरवर ओळ होती, गल्ली चौदा, तळ, खण सहा. सिस्टीममध्ये नग शून्य. मोजलेले नग एक. त्याखाली अगदी बारीक अक्षरांत, मोजणारा सत्तावीस.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. सत्तावीसच होतं. 

चौदा नंबरची गल्ली म्हणजे न खपलेल्या मालाची. मिटणाऱ्या खुर्च्या, कुणाला नको असलेल्या रंगाच्या छत्र्या, मनुष्याच्या कमरेएवढे व्यायामाचे चेंडू. झोपलेला माल म्हणायचे त्याला. तिकडे महिनोन् महिने कुणी फिरकत नसे. मध्यंतरी तिकडून वास यायला लागला होता. उंदीर मेला असेल म्हणून कुणीतरी लांबूनच फिनेल ओतलं आणि डांबराच्या गोळ्या फेकल्या होत्या.

ती उठून साहेबाच्या केबिनमध्ये गेली. याला पोरींनी सेकंदसाहेब नाव ठेवलं होतं, कारण तो जेवणसुद्धा सेकंदांत मोजायचा. त्याने ओळ बघितली, क्षणभर त्याचाही चेहरा उतरला, आणि मग त्याने नेहमीचा आवाज काढला. जुना कचरा आहे सिस्टीममधला, ओके मारा, म्हणाला. तिने विचारलं, सत्तावीसचा स्कॅनर चोरीला गेला होता ना, मग तो आतून ओळ कसा पाठवतो? त्यावर तो उठून दार लोटून आला आणि हळूच म्हणाला, “ताई, उद्या सेल आहे. फाटकावर ती बाई बसलीय. उगाच नसतं काढू नका. तुम्हालाही घर आहे.”

तिला संताप आला तो इथे. भीती होती, पण संताप त्याहून मोठा होता. अकरा महिने आपल्याला घर आहे म्हणून आपण गप्प बसलो, आणि त्या फाटकावरच्या बाईला काय घर नव्हतं? ती बाहेर पडली आणि स्टुलाकडे न जाता सरळ चालायला लागली.

दहावी गल्ली ओलांडली तसा पट्ट्याचा आवाज मागे पडला. बाराव्या गल्लीनंतर तर फक्त तिच्याच चपलांचा आवाज. डोक्यावरचा दिवा खट् करून लागायचा, मागचा खट् करून विझायचा. चौदाव्या गल्लीच्या तोंडाशी ती आली आणि थबकली. गल्लीत आत, मध्यावर, एक दिवा आधीच लागलेला होता.

तिने वाट बघितली. काहीच हललं नाही, तर तो दिवा काही क्षणांत विझायला हवा. तिने मनातल्या मनात साठ मोजले, मग आणखी साठ. दिवा जळतच होता. त्याच्या खाली कुणी नव्हतं. धुळीने भरलेली फरशी तेवढी दिसत होती, आणि त्या धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

“कोण आहे?” तिने विचारलं. 

उत्तर आलं ते टिक असं. स्कॅनरने खणाची चिठ्ठी वाचली की असा आवाज होतो. तिच्या हातातला स्कॅनर गप्प होता.

 मागे फिरावं असं पायांना वाटत होतं. पण तेवढ्यात हातातल्या स्कॅनरवर तीच ओळ पुन्हा उमटली, गल्ली चौदा, तळ, खण सहा, नग एक. ओळीखाली ओकेचं हिरवं बटण लुकलुकत होतं. अंगठा सवयीने त्याच्यावर गेलासुद्धा. ती स्वतःवरच खवळली. तिने अंगठा मुठीत दाबून धरला आणि चालू लागली.

फिनेल, डांबराच्या गोळ्या, रबर, आणि त्या सगळ्याखाली दडपलेला एक गोडसर, जुनाट वास. खण दोन, खण चार. खण सहा दिव्याच्या बरोबर खाली होता. सिस्टीममध्ये शून्य असलेला तो खण गच्च भरलेला होता. लाकडी पॅलेटवर मिटलेल्या खुर्च्यांची पुरुषभर उंच थप्पी, वर धुळीचा थर. नुसती मान वर करून कुणीही बघितलं असतं तरी कळलं असतं की इथे शून्य नाही. अकरा महिन्यांत एकदा, फक्त एकदा कुणीतरी मान वर करायला हवी होती.

टिक.

आवाज थप्पीच्या मागून आला. मोजणीताई गुडघ्यांवर बसली, गाल फरशीला टेकवला आणि पॅलेटच्या फळ्यांमधल्या फटीतून बघितलं. तिथल्या मांडण्या पाठीला पाठ लावून उभ्या होत्या आणि मध्ये वीतभराची जागा. त्या जागेत, जमिनीपासून जेमतेम वर, एक हिरवा उजेड होता. स्कॅनरची काच. त्या उजेडात निळ्या कोटाची बाही दिसली. बाहीवर पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला आकडा दिसला. बाहीतून बाहेर आलेलं जे होतं, त्याचा अंगठा अजून काचेवर होता.

“पोरी…” ती म्हणाली. “आले गं मी…”

हिरवा उजेड विझला. त्याबरोबर डोक्यावरचा दिवाही विझला, ती खाली हालचाल करत असूनही.

तिच्या ओरडण्याने चार गडी धावत आले, मागोमाग सेकंदसाहेब. त्याने वाकून बघितलं, पांढराफटक पडला, मांडणीला धरून उभा राहिला. आणि मग या माणसाने जे केलं ते ऐका. त्याने घड्याळ बघितलं. म्हणाला, थप्पी कुणी हलवू नका, मी वर फोन करून विचारतो. कुणीतरी पोलिसांना बोलवा म्हणालं, तर म्हणाला की बोलवू ना, पण बाहेर अकरा ट्रक उभे आहेत, तेवढे निघू द्या. तीन तासांचा तर प्रश्न आहे, एवीतेवी ती… आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं.

मोजणीताई त्याच्या तोंडी लागली नाही. ती पाठ वळवून निघाली ती थेट फाटकापर्यंत. पहारेकरी काही विचारणार होता, पण तिचा चेहरा बघून बाजूला झाला. बाहेर लख्ख ऊन होतं. ती बाई क्रेटवर बसली होती, डोक्यावर ओला रुमाल घेऊन. अकरा महिन्यांत मोजणीताई पहिल्यांदा तिच्यासमोर थांबली.

“मावशी, ती आत आहे,” ती म्हणाली. “बाहेर गेलीच नव्हती.”

बाई उठली नाही. रडलीही नाही. जणू एवढं एकच कुणीतरी कबूल करायची ती वाट बघत होती. मग तिने विचारलं, “त्या दिवशी तिला बघायला कुणी गेलं नव्हतं का?”

सांगायला शंभर गोष्टी होत्या. नऊ सेकंद होते, लाल अक्षरं होती, साहेब होता. पण मोजणीताईच्या तोंडून त्यातली एकही निघाली नाही.

“मी जायचं होतं,” ती म्हणाली. “ते माझंच काम होतं. मी बसल्या जागेवरून ओके दाबलं.”

त्या बाईने तिच्याकडे बघितलं. मग उठून, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश उभी राहिली. “चल, दाखव,” म्हणाली. आणि फाटकातून आत जाताना, मागे न बघता, आणखी एक वाक्य बोलली. “आता तरी बघत जा, बाई.”

आई आत शिरल्यावर कुणाची टाप होती तिला अडवायची? पट्टा बंद पडला. मुलींनी हातातली खोकी खाली ठेवली आणि सगळ्या तिच्या मागोमाग चालू लागल्या, शंभर-सव्वाशे जणी, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच गोदामातले सगळे दिवे एका वेळी लागलेले दिसले. ट्रक उभे ते उभेच राहिले.

पुढे सगळं उघड झालं. एक छत्री त्या फटीत पडली होती. ती हरवली तर सत्तावीसच्या नावावर लागणार होती, म्हणून रिकाम्या खणातून ती आत रांगत गेली. तेवढ्यात फोर्कलिफ्टवाल्याने घाईत, खाली न उतरता, स्कॅनही न करता, खुर्च्यांची थप्पी त्या खणात सारली. त्यालाही सेकंद होतेच. छाती अशी दाबली गेली की ओरडायला श्वास नव्हता. हात तेवढा मोकळा होता आणि हातात स्कॅनर. मग त्या हुशार पोरीने काय केलं? तिने खणाची चिठ्ठी वाचली आणि मोजलेले नग म्हणून आकडा टाकला, एक. शून्याच्या जागी एक टाकला तर खात्री करायला कुणीतरी यावंच लागतं, हा तिथला नियम. तिला माहीत होतं की ती ओळ नऊ नंबरकडे जाते. तिला माहीत होतं की ताई येईल.

स्कॅनर उघडला तेव्हा त्यातली बॅटरी फुगून फुटलेली होती. तपासणारा म्हणाला, ही पहिल्याच दिवशी रात्रीपर्यंत संपली असणार. पण सिस्टीममधल्या ओळी कुणालाच उलगडल्या नाहीत. मोजणीताईने त्या स्वतः वाचल्या, नव्या चष्म्याने. पहिल्या दिवशी अकरा चाळीस, अकरा बावन्न, बारा पंधरा, अशा करत सात. शेवटची दोन अठ्ठावीसची. दोन मिनिटांनी मशीनने तिला बाहेर टाकलं. आणि त्यानंतर कामाच्या प्रत्येक दिवशी एक, बरोबर अकरा चाळीसला. दोनशे चौऱ्याऐंशी ओळी. त्या शेवटच्या दिवशीच्या सोडल्या, तर प्रत्येकीपुढे एकच शेरा होता, मान्य, नऊ नंबर.

जेवणाच्या खोलीबाहेरची ती ‘पसार’वाली सूचना आईने स्वतःच्या हाताने फाडली. वाडीवस्तीतले तेच लोक मान खाली घालून तिच्या दारात बसायला आले. सेकंदसाहेबाची बदली झाली. बदली, बरं का, दुसरं काही नाही. कंपनीने घडल्या प्रकाराबद्दल तीव्र दुःख व्यक्त केलं आणि एका ओळीला नऊऐवजी अकरा सेकंद केले. हसू नका, खरंच केले. एका जिवामागे दोन सेकंद.

आणि मोजणीताईने फार बोलू नये म्हणून तिला खुर्ची दिली. वर, काचेच्या खोलीत, चौदाही गोदामांच्या मोजणीचा पडदा तिच्यासमोर. आधी ती नकोच म्हणणार होती. मग तिला वाटलं, इथून निदान सगळं दिसेल तरी. तिने एकेक ओळ वाचायचा नेम धरला. अगदी शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत.

तीन आठवडे सुरळीत गेले. आई आता फाटकाशी येत नव्हती, क्रेट मात्र कुणी हलवला नव्हता. एका सकाळी मोजणीताई चहा बाजूला सारून वाचत बसली होती. घड्याळात अकरा चाळीस झाले आणि पडद्यावर ओळ आली.

गोदाम पाच, गल्ली तीन, तळ, खण अकरा. सिस्टीममध्ये शून्य. मोजलेले नग एक. मोजणारा सत्तावीस.

तो स्कॅनर पोलिसांच्या कपाटात मोहोरबंद पिशवीत होता. तिने चष्मा पुसेपर्यंत खाली दुसरी ओळ आली, गोदाम आठची. मग गोदाम बाराच्या दोन. सगळीकडे नग एक, सगळीकडे सत्तावीस. तिने मागचे दिवस उघडले. मागेही होत्या. सात महिने, नऊ महिने, एक तर दोन वर्षांपासूनची, सत्तावीस जिवंत होती तेव्हापासूनची. आणि प्रत्येक ओळीपुढे त्या त्या गोदामातल्या कुणीतरी इमानदारीत लिहिलं होतं, मान्य.

तिने गोदाम पाचला फोन लावला. मोजणीवाला आनंदी माणूस होता. आमच्याकडे सगळं जुळतंय ताई, म्हणाला, ती ओळ रोज येते, मी रोज ओके करतो, तो खण रिकामाच आहे.

“तू बघितलायस तो खण?” तिने विचारलं.

तो नुसता हसला.

“उठ,” ती म्हणाली. “फोन कानाला तसाच ठेव आणि चालत जा. मी आहे.”

त्याच्या चपलांचा आवाज येत राहिला. पट्ट्याची धडधड हळूहळू मागे पडली. खट्, खट्, एकेक दिवा लागत आणि विझत होता. मग पावलं थांबली. 

“ताई…” तो अगदी हळू म्हणाला. “इथला दिवा आधीच लागलाय.”